मनातली माणसे आणि त्यांची मापे

या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत यांविषयी बोलावे. मनोविकारांच्या चिकित्सेत त्याने का शिरावे, असा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की, पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात वर्षानुवर्षे कामगारांची गाऱ्हाणी ऐकताना आम्हांस एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. खाडे, भांडण, दारू, अपघात, अचानक दिलेला राजीनामा यांपैकी कशाचीही चौकशी करावयास घ्या. कागदावर पाळी आणि पगार असतो, पण बोलण्यात आई, बाप, भाऊ, बायको येतात. आणि ती माणसे समोरची नसतात, तर त्या कामगाराच्या मनात वस्तीला असलेली असतात. खरा बाप गावी ओट्यावर विडी ओढत स्वस्थ बसलेला असतो. मनातला बाप मात्र रात्रपाळी करून आलेल्या मुलाला दिवसाही झोपू देत नाही.

हा मनातला बाप कोणाला दिसत नाही. मग तो कसा आहे हे कळावयाचे कसे? त्याला माप लावता येते काय? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पाठपुरावा कसा केला, त्यांना काय सापडले, आणि ते माप आज कोणाच्या हाती असावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. म्हणून पारिभाषिक शब्दांचा डोलारा येथे उभा राहणार नाही.

प्रारंभ घरापासून करू. नात्यांची मनातली चित्रे टिपून ठेवण्याचे काम महाराष्ट्रात कोणा डॉक्टरने प्रथम केले नाही. ते जात्यावर बसणाऱ्या बायांनी केले. साने गुरुजी, दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांनी स्त्रियांच्या लोकगीतांचे मोल ओळखले. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत मुळशी, मावळ या आमच्या शेजारच्या मुलखापासून प्रारंभ करून हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांची वर्गवारी करताना नाती हाच एक मोठा आधार ठरला: आई आणि लेक, बहीण आणि भाऊ, सासू आणि सून, मुलगा, कंथ. आता ध्यानात घ्या. ओवीतला भाऊ हा प्रत्यक्षातला भाऊ असतोच असे नाही. प्रत्यक्षातला भाऊ दिवाळीला न्यावयास आला नसेल. ओवीतला भाऊ मात्र दर पहाटे येतो. ओवी भावाची माहिती देत नाही. बहिणीने भाऊ मनात कसा धरला आहे याची माहिती देते. हाच भेद पुढे शास्त्राला पुष्कळ कष्टाने हाती लागला.

शास्त्राच्या बाजूने पहिला धागा व्हिएन्नाच्या फ्रॉइडने पकडला. त्याच्या असे ध्यानात आले की, रोगी डॉक्टरशी बोलता बोलता डॉक्टरशी वागेनासाच होतो. तो आपल्या बापाशी किंवा आईशी वागू लागतो. जुनी माया, जुना राग, जुने भय तो नव्या माणसावर नेऊन ठेवतो. १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या एका तरुण मुलीच्या हकीकतीत फ्रॉइडने हे स्थानांतर स्पष्ट मांडले. आपल्या देशात कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहार चालविला. हा पत्रव्यवहार केवळ शिष्याचा नव्हता. पितृभयाची जी लक्षणे युरोपीय रोग्यांत ठळक दिसतात ती आपल्या भारतीय रोग्यांत तितकी ठळक नाहीत, असे बोस यांनी गुरूलाच कळविले. मनातले माणूस मुलूख पाहून घडते, ही शंका अशी आरंभीच एका भारतीयाने नोंदविली.

कामगार चळवळीला हे स्थानांतर अनोळखी नाही. आमची भाषाच पाहा ना! सरकार मायबाप, मालक अन्नदाता, पुढारी अण्णा, भाई किंवा दादा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याची एक सुट्टी मागितली. ती १८९० साली मिळाली. त्या सुट्टीचे मोल मोठे आहेच; पण त्याहून मोठी गोष्ट ही की, मागणी लेकराने बापाकडे केलेली नव्हती, ती एका पक्षाने दुसऱ्या पक्षाकडे केली होती. मायबापाच्या जागी करार आणणे, हा कामगार चळवळीचा निम्मा इतिहास होय. तो धडा अजून पुरता गिरविला गेलेला नाही. फोरमनने आवाज चढविला की चाळीस वर्षांचा पुरुष सात वर्षांच्या मुलासारखा मान खाली घालतो, हे आम्ही पाहिले आहे. आणि पुढाऱ्याने एकदा नकार दिला की बापाने टाकल्यासारखा रुसतो, हेही पाहिले आहे.

परंतु फ्रॉइडची रीत वेळखाऊ होती. महिनोन् महिने रोज बोलत बसणे सर्वांस परवडणारे नव्हे. म्हणून चित्रांची युक्ती निघाली. स्वित्झर्लंडच्या हेर्मान रोर्शाकने १९२१ साली शाईच्या डागांची दहा पत्रे पुढे आणली. अमेरिकेत क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी १९३५ साली दुसरी वाट काढली. मोघम अर्थाचे एक चित्र दाखवावयाचे आणि म्हणावयाचे, यावर गोष्ट सांगा. खिडकीशी उभी असलेली स्त्री कोण? तिच्या मागचा पुरुष काय म्हणतो आहे? पुढे काय होईल? गोष्ट चित्राची म्हणून सांगितली जाते, पण तीत सांगणाऱ्याच्या मनातली माणसे येऊन बसतात. एक अडचण मात्र राहिली. साहेबी टोपी आणि झगा यांच्या चित्रात आपल्या माणसाला आपली आई कशी दिसावी? म्हणून उमा चौधरी यांनी भारतीय चेहऱ्यामोहऱ्यांची चित्रे करून ही कसोटी आपल्याकडे रुजविण्याचा यत्न केला.

मुंबईत याच काळात एक महत्त्वाची घटना घडली. १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने नागपाड्याच्या कामगार वस्तीत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. लगेच दुसऱ्या वर्षी तिच्या आश्रयाने बालमार्गदर्शन केंद्र निघाले, आणि ते देशातील पहिले मानले जाते. मुलाचे दुखणे केवळ मुलात पाहावयाचे नाही, घरात पाहावयाचे, ही दृष्टी त्या केंद्राबरोबर आली. ती मलबार हिलवर न उतरता नागपाड्यात उतरली, याचे आम्हांस अगत्य वाटते.

मुलांना गोष्टही नीट सांगता येत नाही. त्यांच्यासाठी लंडनमध्ये ईव्हा बेने आणि जेम्स अँथनी यांनी १९५७ साली एक सुंदर साधन केले. पुठ्ठ्याच्या काही आकृती, प्रत्येकीच्या मागे पोस्टाच्या पेटीसारखी खाच. मुलाने त्यांतून आपले कुटुंब निवडावयाचे. मग एकेक चिठ्ठी वाचून दाखवावयाची: हा माणूस मला जवळ घेतो, हा मला रागावतो, याच्याशिवाय मला करमत नाही. मुलाने ती चिठ्ठी ज्याची असेल त्याच्या पेटीत टाकावयाची. यांत एक आकृती घरातल्या कोणाचीच नसते. तिचे नाव ‘श्रीयुत कोणीच नाही’. जी चिठ्ठी कोणालाच लागू नाही ती याच्या पेटीत. मायेच्या सगळ्या चिठ्ठ्या या श्रीयुतांच्या पेटीत पडू लागल्या की तपासणाऱ्याला निराळे काही विचारावे लागत नाही.

याच लंडनच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम केलेल्या जॉन बोल्बी या डॉक्टराने १९४४ साली चोरी करणाऱ्या चव्वेचाळीस मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील चौदा मुले कोणाविषयीही माया नसलेली अशी त्याला आढळली. त्या चौदांपैकी बारा मुलांची लहानपणी आईशी दीर्घकाळ ताटातूट झाली होती. उरलेल्या तीसांत अशी मुले पाचच होती. बोल्बीने पुढे विचारले, ताटातूट संपल्यावरही तिचा परिणाम का टिकतो? उत्तरासाठी त्याने केनेथ क्रेक या केंब्रिजच्या तरुण शास्त्रज्ञाची एक कल्पना घेतली. क्रेकने १९४३ साली म्हटले होते की, इंजिनिअर पूल बांधण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती करून पाहतो, तसे मनही बाहेरच्या जगाच्या चालत्या प्रतिकृती बाळगते आणि काय होईल ते आधीच ताडते. बोल्बीने १९६९ पासून काढलेल्या आपल्या तीन खंडांत ही कल्पना नात्यांना लावली. हाक मारली तर कोणी येईल काय, आणि हाकेला यावे इतके माझे मोल आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मूल अनुभवाने बांधते आणि ती प्रतिकृती पुढे जन्मभर वापरते.

ओतकामाच्या कारखान्यात काम केलेल्या श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आधी लाकडी पॅटर्न होतो. त्यावर वाळू दाबून साचा घेतात आणि साच्यात रस ओततात. पॅटर्नवर बारीकसा उंचवटा राहिला तर तो प्रत्येक कास्टिंगवर उमटतो, मग लोखंड कितीही उत्तम असो. बाहेरच्याला वाटते मोल्डर चुकला; जाणता माणूस पॅटर्न काढून पाहतो. पण हेही तितकेच खरे की, पॅटर्न लाकडाचा असतो. त्यावर कानस चालते. बोल्बीनेही ही प्रतिकृती पक्की म्हटली, अचल म्हटली नाही.

मेरी एन्सवर्थ या त्याच्या सहकारिणीने १९५४-५५ साली युगांडातील खेड्यांत आयांना आणि तान्ह्या मुलांना घरी जाऊन पाहिले, आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला वीस मिनिटांची एक कसोटी बसविली. आई खोलीतून जाते, परत येते. मूल किती रडते यापेक्षा आई परतल्यावर काय करते ते पाहावयाचे. कोणी धाव घेऊन तिला बिलगते आणि पुन्हा खेळू लागते. कोणी तोंड फिरविते. कोणी बिलगतेही आणि लाथाही झाडते. तिची शिष्या मेरी मेन हिने आपल्या सहकाऱ्यांबरोबर कॅलिफोर्नियात हाच प्रश्न मोठ्या माणसांना विचारण्याची रीत काढली. तिच्यावरील महत्त्वाचा निबंध १९८५ चा आहे. या रीतीत विचारतात: लहानपणच्या आईशी असलेल्या तुमच्या नात्याला पाच विशेषणे द्या. माणूस सांगतो: प्रेमळ, कष्टाळू, कडक. मग एकेका विशेषणावर थांबून विचारतात: प्रेमळ म्हणता, तर एखादा प्रसंग सांगा.

येथे सगळी गंमत आहे. बालपण सुखाचे होते की दुःखाचे यावर गुण द्यावयाचे नसतात. सांगणे सुसंगत आहे की नाही, विशेषणामागे प्रसंग उभा राहतो की नाही, हे पाहावयाचे असते. एकाची आई ‘देवमाणूस’ असते, पण एकही प्रसंग आठवत नाही. दुसरा तीस वर्षांपूर्वीच्या भांडणात आजही असा गुंततो की प्रश्न काय होता तेच विसरतो. तिसऱ्याचे बालपण मारझोडीत गेलेले असते. पण तो ते जसे झाले तसे सांगतो, आईचा दोषही सांगतो आणि तिची अडचणही सांगतो. या तिसऱ्याचे मन शास्त्र सुस्थिर मानते. दुःख भोगूनही माणूस सुस्थिर होऊ शकतो, हा या शोधाचा सर्वांत दिलासा देणारा भाग होय.

खात्यांतर्गत चौकशीत बसलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. आरोपपत्रात ‘कामगार उर्मट आहे’ असे लिहून आले की आम्ही विचारतो: कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणाशी, काय बोलला? विशेषण हा पुरावा नव्हे, प्रसंग हा पुरावा. आणि मराठी वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, ती बेचाळीस रात्रींची. आई थोर होती एवढे एक वाक्य लिहून त्यांना थांबता आले असते. त्यांनी बेचाळीस रात्री दिल्या. ज्याची आई मनात अशी प्रसंगाप्रसंगाने जिवंत असते, तो इतरांवरही माया करू शकतो, हे गुरुजींनी खानदेशातील कामगार-शेतकऱ्यांत काम करून दाखविले.

या मापाचे बळ किती? लंडनला पीटर फोनागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखविले की, गरोदर स्त्रीची अशी मुलाखत घेतली, तर जन्माला येणारे मूल वर्षाचे झाल्यावर तिच्याशी कसे बांधले जाईल, याचा ढोबळ अंदाज सुमारे चारांतील तिघांच्या बाबतीत बरोबर येतो. हे बळ मोठे आहे. पण चौथ्याच्या बाबतीत अंदाज चुकतो, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. एका माणसाची नोकरी किंवा मूल त्याच्यावर अवलंबून असेल, तर हा चौथा विसरून चालणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप इरावती कर्वे यांच्या कामातून निघतो. त्यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखविले की महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला मुलूख आहे. येथे आत्याच्या मुलाला मामाची मुलगी चालते, उत्तरेत असा विवाह निषिद्ध. इंग्रजीत ज्याला एकच शब्द पुरतो त्याला आम्ही काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान असे निराळे ओळखतो, आणि प्रत्येकाशी निराळे वागतो. आजीच्या कुशीत वाढलेल्या आणि आईला ‘वहिनी’ म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही ‘आईची पाच विशेषणे’ विचाराल, तर तो कोणाविषयी बोलेल? गेज उत्तम असेल, पण ते कोणत्या मापाच्या कामासाठी केले आहे हे पाहिल्यावाचून माल नापास करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. बोल्बीने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्याचा आधार घेऊन पुष्कळांनी कामावर जाणाऱ्या आयांनाच दोषी ठरविले. वस्तुतः आईबापांना समाजाने आधार दिला पाहिजे, असाही त्या अहवालाचा आशय होता. तो सोयीस्करपणे मागे पडला. मायकेल रटर यांनी १९७२ साली हा सगळा विषय पुन्हा तपासला आणि दाखविले की, नुसती ताटातूट आणि घरातील कलह, दारिद्र्य, हेळसांड यांची गल्लत करता कामा नये. मूल आईखेरीज इतरांशीही घट्ट बांधले जाते. आमचे म्हणणे याच मुद्द्यावर आहे. पॅटर्न बिघडला असेल. पण भट्टीच कोणी बिघडविली असेल, तर पॅटर्नमेकरला शिक्षा करून काय साधणार?

आमच्या पट्ट्याचा इतिहास पाहा. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मोठे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. नव्वदीनंतर चाकणची माळराने मोटारींच्या कारखान्यांनी भरली. पहिल्या पिढीचा कामगार कायम होता. त्याने बिऱ्हाड आणले, मुले येथल्या शाळेत घातली. आजचा कंत्राटी मुलगा लातूर, परभणी, बुलढाणा किंवा बिहारहून येतो, कॉट बेसिसवर राहतो, आणि एका खाटेवर दोन पाळ्यांचे दोघे आळीपाळीने झोपतात. बायको गावी, मूल आजीजवळ. मूल बापाला मोबाईलच्या काचेत ओळखते; तो दिवाळीला दारात उभा राहिला की आजीच्या मागे लपते. एन्सवर्थबाईंची कसोटी आमच्या एस. टी. स्टँडवर दर सणाला अशी आपोआप होत असते. त्या बापाला ‘तुमच्या मनात नात्यांविषयी दुरावा आहे’ असे सांगणाऱ्याने आधी त्याच्या रजेचा हिशेब पाहावा.

म्हणून हे माप कोणाच्या हाती असावे, हा आमच्या दृष्टीने मुख्य प्रश्न. चिकित्सा करणाऱ्याच्या हाती ते औषध आहे. पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेल्या चिकित्सा-मानसतज्ज्ञाने, रोग्याच्या संमतीने, रोग्याच्या भल्यासाठी, त्याच्या भाषेत ते वापरावे. त्यातून कित्येकांची झोप परत येते. परंतु एका कारखान्याच्या भरतीच्या कागदांत आम्ही स्वतः असे प्रश्न पाहिले आहेत: वडिलांशी पटत होते काय? लहानपणी घरी कोणाची भीती वाटे? नोकरी मागावयास आलेला मुलगा या प्रश्नांना नाही म्हणू शकत नाही, आणि त्याची उत्तरे कोणत्या कपाटात जातात हे त्याला कळत नाही. तेथे हेच औषध हत्यार होते.

कायद्याने काही आधार दिला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याचे तिसरे कलम म्हणते की, समाजाच्या रूढ नैतिक, राजकीय किंवा कामाविषयीच्या कल्पनांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरविता येणार नाही. संपवाल्यांनी हे कलम पाठ करावे. तेविसावे कलम रोग्याच्या माहितीला गुप्ततेचा हक्क देते. पण त्याचा रोख उपचार करणाऱ्यांवर आहे, भरतीच्या टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्यावर नाही. ही फट बुजविणे हे संघटनांचे काम आहे. घरच्या नात्यांविषयीचे प्रश्न भरतीत आणि बढतीत विचारले जाणार नाहीत, हे कलम करारांत आले पाहिजे. पगारवाढीच्या मागणीपत्रात ते विचित्र दिसेल. साप्ताहिक सुट्टीची मागणीही १८८४ साली विचित्रच दिसली होती.

आणि चौदावे कलम. आपण आजारी पडून स्वतःचा निर्णय घेऊ शकलो नाही, तर आपल्या वतीने कोणी बोलावे, हे प्रत्येक प्रौढ माणसास आधीच नेमून ठेवता येते. त्यासाठी वकील नको, मुद्रांक नको. साध्या कागदावर लिहावयाचे, सही किंवा अंगठा करावयाचा. नेमलेला माणूस प्रौढ आणि सक्षम असावा, आणि त्याची संमती असावी. तो रक्ताचाच असला पाहिजे असे नाही. बदलावेसे वाटले तर केव्हाही बदलता येते.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी भाडेकरू मुले आहेत, ज्यांच्या हाताखाली कंत्राटी माणसे आहेत, त्यांनी त्यांना हे कलम सांगावे. दोनशे कोसांवरच्या भावाचे नाव लिहावे, की पलीकडच्या खाटेवरच्या सोबत्याचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पेन हातात घेऊन तो जेवढा वेळ थांबेल, तेवढ्या वेळात त्याच्या मनातली सगळी माणसे त्याच्यापुढून जातील. आमची विनंती एवढीच की, त्या वेळी त्याच्या खांद्यावरून कोणी त्या कागदात डोकावू नये.